फोन करा म्हणालेली माणसं

नगरच्या प्रदर्शनाला सहादेव टेम्पोभर टोपल्या घेऊन गेला आणि चार दिवसांनी टेम्पोभर टोपल्याच घेऊन परत आला. फरक एवढाच, की जाताना तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि येताना ती जागा ड्रायव्हरच्या मेव्हण्यानं घेतली. त्यामुळं संगमनेर, अकोले, राजूर असा सगळा रस्ता त्यानं मागं, आडव्या टाकलेल्या कणगीत पाय दुमडून काढला. कणगी त्यानं स्वतःच्या हातानं विणली होती. वर्षाचं भात पोटात घेईल एवढी मोठी. पण माणूस काही तिच्यात नीट मावत नाही, हे त्याला संगमनेर सोडल्यावर कळलं. त्यात आत मुंग्या होत्या. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी त्याची वाडी. तिथं टेम्पो थांबला आणि सहादेव उतरला, तेव्हा मान एकीकडं आणि पाठ दुसरीकडं अशी त्याची तऱ्हा झाली होती.

त्याची बायको चांगुणा सुपांच्या थप्पीवर बसून आली होती. ती मात्र हसत उतरली. तिच्या पदराखाली शंभर पानी वही होती.

"अश्विनी, ही वही देवापुढं ठिव," ती सुनेला म्हणाली. "तिरेचाळीस गिऱ्हाइकं हायती हिच्यात."

झालं होतं असं, की प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी बचत गटाच्या मॅडमनी सगळ्या बायांना गोळा करून सांगितलं, "विक्री आज नाही झाली तरी वाईट वाटून घेऊ नका. आलेल्या प्रत्येकाचा नंबर घ्या. घरी गेल्यावर फोन करा. खरा धंदा मागाहून होतो." चांगुणानं ते मनावर घेतलं. जो टोपलीला हात लावील त्याच्यापुढं ती वही धरायची. कुणी सूप नाकाला लावून वास घेतला, कुणी पोराला पाटीत बसवून फोटो काढला, कुणी नुसतं सावलीला थांबलं. पण नंबर प्रत्येकानं लिहिला आणि जाताना प्रत्येकजण एकच म्हणाला, "फोन करा हं."

सहादेव त्या चारही दिवसांत गिऱ्हाइकाकडं पाठ करून बांबूच्या कामट्या तासत बसला होता. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, की माल समोर मांडायचा आणि आपण आपलं काम करत ऱ्हायचं. ज्याला पायजे तो इच्यारील. 'घ्या' म्हणणं सहादेवला भीक मागितल्यासारखं वाटायचं. वयाची छप्पन्न वर्षं त्यानं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. काढायची वेळही आली नव्हती, कारण त्याच्या वतीनं बोलायला राजूरचा बजरंग होता.

हा बजरंग ते नगरहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून आला. भाताची झोडणी तोंडावर आली की तो दरसाल येई, प्रत्येक सूप उलटंपालटं करून नाक मुरडी, आणि नाक मुरडत मुरडत सगळा माल बाजाराला घेऊन जाई.

"काय सहादू, काढ माल," तो म्हणाला. "औंदा प्लास्टिकच्या घमेल्यांनी मार्केट खाल्लंय. तुझं आपलं जुनं गिऱ्हाईक म्हनून न्यायचं."

सहादेवची मान अजून वाकडीच होती. तशीच ठेवून तो म्हणाला, "माल बुक झालाय."

"कुनी केला?"

"तिरेचाळीस जनांनी."

बजरंगनं घराकडं पाहिलं. पडवीत सुपं आढ्याला टेकली होती. दुरड्यांच्या उतरंडी दारापर्यंत आल्या होत्या. चुलीपाशी जायचं तर आडवं होऊन, पोट आत ओढून जावं लागायचं. कोंबड्यांनी तर हद्दच केली होती. कुठल्या दुरडीत अंडं घातलंय ते अश्विनीला रोज हुडकावं लागायचं.

"बरं बरं," बजरंग म्हणाला. "मोठी माणसं झालात. आमी आपले घमेली इकतो." आणि गाडीला किक मारून तो गेला. जाताना त्यानं ही बातमी वाडीत, राजूरच्या एस.टी. स्टँडवर आणि न्हाव्याच्या दुकानात अशी तीन ठिकाणी सांगितली. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात भेटेल तो सहादेवला विचारू लागला, "तात्या, टेम्पो कवा येतोय?"

आता फोन करणं भाग होतं.

वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. रेंज होती ती पाण्याच्या टाकीमागच्या कातळावर. सगळी वाडी तिथं जाऊनच बोलायची. सोयरिकी तिथंच ठरत आणि मोडतही. त्या कातळावर गोरक्ष नावाचा एक गडी कायम बसलेला असे. त्याच्याकडं मोबाईल होता, पण फोन करावा असं कुणी नव्हतं. दुसऱ्यांची बोलणी ऐकायची आणि मधूनच सल्ला द्यायचा, हा त्याचा दिवसभराचा उद्योग.

सहादेव धुतलेली बंडी घालून कातळावर चढला. मागं वही घेऊन चांगुणा, तिच्यामागं मोबाईल घेऊन अश्विनी. नंबर लावायचं काम अश्विनीचं. तिनं लावला आणि मोबाईल सासऱ्याच्या हातात दिला. सहादेवनं तो गरम भाकरी धरावी तसा दोन्ही हातांनी तोंडापुढं धरला. नगर लांब असल्यामुळं त्यानं पोटातून आवाज काढला.

"हॅलो! मी सहादेव!"

"कोण सहादेव?"

"टोपलीवाला!"

"आमचा कचरा सकाळीच गेला," पलीकडून बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

"सुरुवात बरी झाली," गोरक्ष म्हणाला.

दुसरा फोन एका साहेबानं उचलला. सहादेवनं आपलं नाव, वाडी, तालुका सगळं सांगितलं. वहीत तुमचा नंबर हाय, असंही सांगितलं. तिथंच घोटाळा झाला.

"हे बघा," साहेब म्हणाला, "मी स्वतः बँकेत आहे. मला फसवता येणार नाही. ओटीपी मिळणार नाही."

सहादेवनं मोबाईलवर तळवा ठेवला. "अश्विनी, ओटीपी म्हंजी काय?"

"आकडा असतोय मामा. त्यो कुनाला द्यायचा नसतोय."

सहादेवनं तळवा काढला. "सायेब, तुमचा आकडा तुमच्यापाशीच ठिवा. तुमी सूप बघितलं हुतं, त्याचं सांगा."

"मी पोलिसात तक्रार करतोय. नंबर आलाय माझ्याकडं तुमचा."

त्यानंतर दोन दिवस खालच्या रस्त्यावर जीपचा आवाज आला, की सहादेव सुपांच्या थप्पीमागं जाऊन काहीतरी शोधल्यासारखं करायचा.

तिसरा फोन फार चांगला लागला. नगरच्या एका बाईंना सूप आठवत होतं, सहादेवही आठवत होता. त्यांच्या लहानपणी आजी अंगणात धान्य पाखडायची. सुपाचा तो आवाज, उडणारा कोंडा, आजीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या, सगळं त्यांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांना रडू आलं. सहादेवचेही डोळे भरले. तो नुसता "व्हय बाई, व्हय बाई" करत राहिला. ऊन कातळावर चढलं. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं," आणि फोन ठेवला.

"किती घेनार हायती?" चांगुणानं विचारलं.

सहादेवनं बंडीच्या टोकानं डोळे पुसले. "त्यांची आजी वारली."

"अगं बया! कवा?"

"एकोनीसशे पंच्याऐंशीला."

गोरक्ष कातळावर आडवा झाला आणि पोट धरून हसायला लागला.

तीन दिवस असंच चाललं. कुणाचा फोन बंद. कुणाच्या नंबरात एक आकडा कमी. कुणी म्हणालं, एक नमुना कुरिअरनं पाठवा, आवडला तर ठेवून घेऊ. कुणी म्हणालं, दिवाळी झाली आता, पुढच्या दिवाळीला बघू. एका मास्तरांनी तर सहादेवलाच विमा काढायचा आग्रह केला आणि रोज सकाळी तो कातळावर चढला की ते स्वतःहून फोन करू लागले. प्रत्येक फोननंतर अश्विनी पेन्सिलीनं एका नावावर काट मारायची, आणि काट मारली की सहादेवला कुणीतरी चारचौघांत कान उपटल्यासारखं वाटायचं. खाली टाकीवर पाणी भरणाऱ्या बाया ऐकत असायच्या. त्याचा आवाज मोठा, म्हणून सगळं ऐकू जायचं.

चौथ्या दिवशी त्यानं कोयता हातात घेतला आणि पडवीतून उठायलाच नकार दिला.

"मी न्हाई यायचा. ही काय रीत झाली? माल आपला, ह्यो घाम आपला, आन् वर आपुनच इच्यारायचं, घेता का म्हनून?"

"मग माल काय बजरंगच्या घमेल्यात घालू?" चांगुणा म्हणाली. "बसा तुमी पाठ करून. मी करते फोन."

ती चढली. सहादेव कामट्या तासत बसला, पण थोड्या वेळानं त्याला राहवेना. टाकीपर्यंत गेला आणि पाणी पितोय असं दाखवत उभा राहिला.

वर अश्विनीनं नंबर लावला. नाव होतं अजिनाथराव, संगमनेर. फोन बाईमाणसानं उचलला.

"अजिनाथराव हायती का?" चांगुणानं गोड आवाजात विचारलं.

"अंघोळीला गेलेत. कोण बोलतंय?"

"चांगुणा."

"कोण चांगुणा?"

"त्यांना सांगा, नगरची चांगुणा. त्यांनीच नंबर दिलाय की. म्हनले, फोन करा."

"नगरला? कधी?"

"मागल्याच्या मागल्या शुक्रवारी. चांगले तासभर हुते माझ्याजवळ."

"त्या शुक्रवारी ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते."

"मंग तिथनंच आले असतील. डोळे चांगले हायती त्यांचे. लई निरखून बघत हुते."

"काय बघत होते?"

"माल," चांगुणा म्हणाली.

पुढं त्या बाईनं गाव विचारलं. चांगुणानं राजूरपासूनचं वळण, ओढा, टाकी, दारातलं आंब्याचं झाड, सगळं तपशिलानं सांगितलं. बाई म्हणाली, "रविवारी येतो आम्ही. दोघंही येतो."

"या की! जेवायलाच या," चांगुणा म्हणाली आणि अश्विनीकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. "बघ! गिऱ्हाईक घरी येतंय!"

गोरक्षला हसूसुद्धा फुटेना. तो खाली उतरून सहादेवपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तात्या, रविवारी काकूला जरा माहेरी धाडा."

सहादेवला ते लगेच कळलं नाही. घरी येऊन त्यानं बांबू चिरायला घेतला. अर्धा बांबू चिरून झाला तेव्हा कळलं. कोयता तसाच बांबूत रुतवून तो बसून राहिला.

तो अजिनाथराव त्याला चांगला आठवत होता. उंच, वाळका, पांढऱ्या शर्टाचा माणूस. सहादेवच्या समोरच एक जिलेबीवाला बसला होता. हा माणूस तिथून कागदात जिलेबी घ्यायचा, इकडं तिकडं बघायचा, आणि सहादेवच्या उभ्या कणगीमागं येऊन कणगीत डोकं घालायचा. थोड्या वेळानं तोंड पुसत डोकं बाहेर काढायचा. असं त्यानं तीनदा केलं. चांगुणाला वाटलं, गिऱ्हाईक विणकाम आतून तपासतंय. सहादेव पाठ करून बसलेला असला तरी त्याला सगळं दिसत होतं. घरी परतताना कणगीत मुंग्या का होत्या आणि आपली विजार खाली का चिकटली होती, हेही त्याला माहीत होतं. पण माणसाच्या खाण्याबद्दल बोलू नये म्हणून तो कुणाला बोलला नव्हता.

चांगुणाला त्यानं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पुन्हा कातळावर चढून फोनवर खुलासा करत बसली असती, आणि तिच्या खुलाशाचीच त्याला जास्त भीती वाटली.

रविवारी दहाच्या सुमाराला आंब्याखाली गाडी थांबली. आधी बाई उतरल्या. साठीच्या, अंगानं भारदस्त, काखेत पर्स. या पंकजाताई. संगमनेरात लग्नाकार्याच्या स्वयंपाकाची मोठमोठी कामं घेणारं त्यांचं नाव. त्यांच्यामागून अजिनाथराव उतरले, हेडमास्तरांनी बोलावलेल्या पोरासारखे.

दारात अश्विनी झाडू घेऊन उभी होती. चोवीस वर्षांची, नाकीडोळी नीटस. पंकजाताईंची नजर तिच्यावर खिळली.

"चांगुणा तूच का?"

"न्हाई, त्या आत हायती," अश्विनी म्हणाली आणि आत तोंड करून ओरडली, "आत्याबाई, गिऱ्हाईक आलं!"

दुरड्यांच्या उतरंडीमधून आडवी होत, पोट आत ओढत चांगुणा बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, दातांना मिश्री, आणि काखेत एक कोंबडी. दुरडीत बसू देत नाही म्हणून ती कोंबडी कलकलाट करत होती.

पंकजाताईंनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा खालपासून वर पाहिलं. पन्नास किलोमीटर जपून आणलेला राग आता कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"या, बसा," चांगुणा म्हणाली. "दादांची तब्येत बरी हाय ना? डोळे काय म्हनत्यात?"

पंकजाताई बसल्या नाहीत. पडवीच्या कडेला सहादेव कोयता घेऊन अर्धी पाठ करून बसला होता. त्या त्याच्याकडं वळल्या.

"तुम्ही होता ना तिथं? मग तुम्हीच सांगा. हे तासभर काय करत होते?"

अजिनाथराव दारातल्या आंब्याकडं बघायला लागले. सहादेवनं त्यांच्याकडं पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि खरं बोललं तर त्या माणसाचं काय होईल तेही त्याला दिसत होतं. बराच विचार करून त्यानं खऱ्याचं जेवढं देता येईल तेवढं दिलं.

"कनगीत बघत हुते."

"कणगीत?"

"व्हय. डोकं घालून."

"तासभर?"

"मदी मदी भाईर काढत हुते."

"तीनदा घातलं," चांगुणानं मदत केली. "लई बारकाईनं बघनारा मानूस."

तीच कणगी पडवीच्या कोपऱ्यात उभी होती. पंकजाताई तिथं गेल्या. कोपरापर्यंत हात आत घातला, कडेनं फिरवला आणि बाहेर काढला. हाताला चार मुंग्या होत्या. त्यांनी बोटं चोळली, नाकाशी नेली. मसाले वासावरून ओळखणारं नाक होतं ते.

"जिलेबी," त्या म्हणाल्या.

अजिनाथराव एक पाऊल मागं सरकले.

"साखर आहे यांना," पंकजाताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "घरात गुळाचा खडा ठेवत नाही मी. चहा बिनसाखरेचा पिते, यांच्यासाठी. आणि हे डोळ्याला औषध घालायला म्हणून नगरला जाऊन..."

"दोनच होत्या," अजिनाथराव पुटपुटले.

टेम्पोतला सगळा रस्ता सहादेवच्या अंगाला आठवला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "दोनाच्या मुंग्या न्हाईत त्या, दादा."

अश्विनीनं तोंडाला पदर लावला. चांगुणाच्या काखेतली कोंबडी सुटली. आणि पंकजाताई एका पालथ्या पाटीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावताना त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. तीन रात्री ही बाई झोपली नाही, हे सहादेवच्या लक्षात आलं. त्यानं नजर खाली वळवून कामटी तासायला घेतली. अजिनाथरावांच्याही ते लक्षात आलं असावं. ते बायकोशेजारी जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "आता नाही खाणार." पंकजाताई म्हणाल्या, "खाणार. पण आता मला विचारून खाणार."

चांगुणानं चहा टाकला, बिनसाखरेचा. चहा होईपर्यंत पंकजाताईंचा हात उगाच बाजूच्या रोवळीवर फिरत होता. तांदूळ धुऊन निथळायची साधी रोवळी. हात एकदा काठावरून फिरला, दुसऱ्यांदा सावकाश फिरला. मग त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्यात ओतलं. पाणी कसं जातंय ते त्या बघत राहिल्या.

"हे कोणी विणलं?"

"मी," सहादेव म्हणाला.

"बूड कच्चं आहे."

आतापर्यंत एवढ्या लोकांनी त्याला फोनवर काय काय ऐकवलं होतं, पण हे त्याला लागलं. तो उठला, रोवळी त्यांच्या हातातून घेतली, जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला. छप्पन्न वर्षांचा सहादेव, हातात कोयता. रोवळी हलली नाही.

"आता सांगा," तो म्हणाला.

"खाली उतरा," पंकजाताई म्हणाल्या. "माणूस उभा राहतो तो एका जागी. भात ओततात. उकळता, शंभर पानांचा एका दमात. माझ्याकडं ॲल्युमिनियमच्या चाळण्या आहेत. त्यात वाफ कोंडते आणि भाताचा गोळा होतो. मला बांबूच पाहिजे. पण दोघांनी धरून उचलायची, अशी. कडेला कान पाहिजेत. बूड खचलं तर मांडवात माझी अब्रू जाईल."

सहादेव खाली उतरला. त्यानं रोवळी उचलून बुडाकडून पाहिली, दोन बोटांनी दाबली.

"मंग बूड दुहेरी घ्यावं लागंल," तो म्हणाला. "कवळा बांबू चालनार न्हाई. वरच्या रानातला जुना तोडावा लागंल. कानाला वेत गुंडाळला तर हाताला भाजनार न्हाई."

"सहा पाहिजेत. बारा दिवसांत."

चांगुणानं मागून त्याला चिमटा काढला. व्हय म्हना, असा त्या चिमट्याचा अर्थ होता.

"बारा दिसांत सहा हुतील," सहादेव म्हणाला, "पन दोन वल्ल्या ऱ्हातील. वल्ल्या बांबूचा वास भाताला लागतो. पंधरा लागतील."

चांगुणानं कपाळाला हात लावला. पंकजाताईंनी बोटांवर दिवस मोजले.

"बरं, पंधरा," त्या म्हणाल्या. "मधल्या लग्नाला चाळण्यांवर भागवते."

जाताना त्यांनी भाकरी ठेवायला सगळ्या दुरड्या घेतल्या. डिकी भरली, मग मागची सीट भरली. अजिनाथरावांना त्या दुरड्यांच्या ढिगातच बसावं लागलं. दोन मांडीवर, एक पायात, आणि कुठंच जागा नाही म्हणून एक डोक्यावर. गाडी वळताना त्यांनी काचेतून सहादेवला हात जोडले. हात जोडताना डोक्यावरची दुरडी नाकावर आली.

पुढचे पंधरा दिवस घरात कुणी सरळ उभं राहिलं नाही. सहादेव पहाटे रानात जायचा आणि खांद्यावर बांबू घेऊन ऊन व्हायच्या आत परतायचा. तो चिरायचा, चांगुणा गाठी छिलायची, अश्विनी बुडाची मांडणी धरून बसायची. कामटी जाड झाली तर वळताना मोडायची, पातळ झाली तर सहादेव स्वतःच मोडून टाकायचा. त्याच्या बोटांना चिरा पडल्या, त्यांना हळद भरून तो पुन्हा बसायचा. पहिलं बूड त्यानं सगळं उसवून परत विणलं. तेव्हा चांगुणा दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

मधे एकदा बजरंग येऊन गेला. दुरड्या गेल्या होत्या, पण सुपं तशीच होती. "बुक झालेला माल कसा काय ऱ्हायला रं?" त्यानं विचारलं. सहादेवनं ते गिळलं. "ने," एवढंच म्हणाला. बजरंगनं प्रत्येक सूप उलटंपालटं करून नाक मुरडलं आणि सगळी घेऊन गेला. वहीतली उरलेली नावं अश्विनीनं एकटीनं कातळावर बसून संपवली. एका शाळेनं चार टोपल्या मागवल्या, आणि नगरच्या त्या आजीवाल्या बाईंनी, पुन्हा थोडंसं रडून, एक सूप. बाकी सगळ्यांवर काट. कणगी जिथल्या तिथं राहिली. तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली.

सोळाव्या दिवशी सहा रोवळ्या टेम्पोत घालून सहादेव आणि चांगुणा संगमनेरच्या लग्नाच्या हॉलवर पोचले. मागल्या बाजूला चुलाणं पेटली होती. पंकजाताई पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी एक रोवळी पाण्यानं धुऊन मोठ्या घमेल्यावर ठेवायला लावली आणि दोन गड्यांना खूण केली. गड्यांनी भाताचं पातेलं दोन बाजूंनी धरलं आणि ओतलं. वाफेचा लोट उठला. काही दिसेना. नुसता बांबूचा करकर आवाज आला. सहादेवनं चांगुणाचा हात धरला. एवढ्या वर्षांत चारचौघांत त्यानं तो कधी धरला नव्हता.

वाफ विरली. खाली पेजेची धार लागली होती. वर भात मोकळा, पांढराशुभ्र, शितन् शीत वेगळं. बूड जिथल्या तिथं.

पंकजाताईंनी एक शीत बोटानं दाबून पाहिलं. सहादेवकडं बघितलंही नाही. "दुसरी आणा रे," त्या गड्यांवर ओरडल्या. "आणि हे दोघं जेवल्याशिवाय जायचे नाहीत. अहो, यांना पंगतीत बसवा."

हे 'अहो' अजिनाथरावांना होतं. त्यांनी दोघांना हॉलमध्ये नेऊन पहिल्याच पंगतीत बसवलं. आजूबाजूला जरीचे काठ, फेटे, अत्तराचा वास. चांगुणानं पाय साडीत लपवले. सहादेव हळदीनं पिवळी झालेली बोटं मांडीखाली घेऊन बसला. पानावर भात आला. वाफ येत होती. त्यानं वास घेतला. बांबूचा नव्हता, नुसता भाताचा होता.

तेवढ्यात फेटा बांधलेले एक यजमान आग्रह करत करत रांगेतून त्यांच्यापर्यंत आले. दोघांना त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं. हात जोडून अदबीनं विचारलं, "पाहुणे, आपण मुलाकडचे की मुलीकडचे?"

चांगुणानं घाबरून नवऱ्याकडं पाहिलं.

"आमी भाताकडचे," सहादेव म्हणाला.

यजमानांनी क्षणभर विचार केला. असतील कुणी नवरदेवाच्या आजोळचे, असं मनाशी धरून ते वळले आणि वाढप्यांना मोठ्यानं म्हणाले, "अरे, इकडं या, वाढा यांना नीट! जवळचे लोक आहेत!"

तिघं वाढपी धावत आले आणि सहादेवच्या पानावर भाताचा डोंगर झाला.